धरतो म्हणे ब्रेक!

"तीन-चार पंप मारा भाऊ, धरतो ब्रेक!" आदिलाबादच्या गॅरेजांत हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. पॅडल पायाखाली लिबलिबतं, तिसऱ्या दाबाला कसंबसं कडक होतं आणि उस्ताद खुशाल सांगतो, जुन्या गाडीचं असंच असतं. अजिबात नसतं! ऑइल दाबून आकसत नाही, हवा आकसते. पायाचा जोर चाकाला पोचण्याआधी नळीतल्या बुडबुड्यांतच जिरतो. पास्कलचा नियम शाळेत घोकलेले लोकही तिथे मान डोलावतात.

ही हवा आपसूक शिरत नाही. कुणीतरी व्हील सिलिंडर बदलताना पाइप उघडला आणि हवा न काढताच चाक चढवलं. नाहीतर टाकीतलं ब्रेक ऑइल तळाला गेलं तरी कुणी झाकण उघडलं नाही, किंवा एखादा सील गळतोय. आणि यावर इलाज काय, तर लायनर बदला! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हवा काढायचं काम अवघड आहे का? एक माणूस पॅडलवर, एक चाकाशी. चाकाशी हवा सोडायच्या निपलला बसणारा पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि सीलबंद डब्यातलं ऑइल. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडे बहुधा मागच्या डाव्यापासून (कंपनीने वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा). पॅडल दाबून धरायचं, निपल ढिला करायचा, बुडबुडे गेले की आवळायचा, मगच पाय उचलायचा. घाई इथेच होते. निपल उघडा असताना पाय उचलला की बाहेरची हवा पुन्हा आत. बाटलीत निघालेलं फेसाळ ऑइल परत टाकीत ओतणारे महाभागही मी पाहिलेत. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये हवा अडकली तर काही गाड्यांना स्कॅनर लावावाच लागतो. तो नसेल तर 'आमच्याकडे होत नाही' म्हणायला लाज कसली?

मालकही काही कमी नाहीत. सीटकव्हरला हजारो, डॅशबोर्डवर देव, आणि ब्रेक ऑइल गाडी घेतली तेव्हाचं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. मानकाप्रमाणे ताजं डॉट 4 निदान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरलं की ती हद्द 155 वर येते. मग माहूरगडाचं दर्शन घेऊन खच्चून भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवायची. ऑइल उकळतं, वाफ होते, पॅडल तळाला जातं. रेणुकामातेने काय काय सांभाळायचं?

सरकारचं तर विचारूच नका. नव्या खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. तोवर ब्रेक तपासायला कुणी बोलावत नाही. धुराचा दाखला मात्र वेळेवर लागतो, नाहीतर दंड.