‘मॅडम, सगळीकडे दहाच द्या’: एका मोटार कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
(कंपनीचं नाव मुद्दामच कोरं ठेवलं आहे. ज्यांना पत्र आपलंच वाटेल त्यांनी ते आपलं समजावं. अशा कंपन्या एकाहून जास्त निघतील, असा माझा अंदाज आहे.)

विषय: ग्राहक-समाधान प्रश्नावलीतला प्रश्न क्र. ६

महोदय,

गाडी घरी आली आणि मागोमाग तुमच्या कंपनीची प्रश्नावली आली. सहावा प्रश्न असा होता: ‘किमतीची बोलणी करताना आपल्याला किती मोकळेपणा वाटला?’ एक ते दहामधला आकडा निवडायचा. त्याआधीच शोरूममधल्या मुलाचा फोन येऊन गेला होता. “मॅडम, प्लीज सगळीकडे दहाच द्या. नऊ दिलेत तरी आमचा इन्सेन्टिव्ह कापतात.” त्या पोराच्या पोटावर पाय कशाला आणा, म्हणून दहा देऊन टाकले. तुम्ही त्यावरून ‘ग्राहक समाधानी’ असा आलेख काढला असेलच.

खरं उत्तर मी तुमच्या ग्राहक सेवा विभागाला सविस्तर कळवलं होतं, कोटेशन आणि पावत्यांच्या प्रतींसकट. तिकडून आलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे: ‘ऑन-रोड किमतीबाबतची बोलणी हा ग्राहक व अधिकृत विक्रेता यांच्यातील विषय आहे.’ खाली तक्रारीची स्थिती होती ‘निकाली’. निकाल कुणाच्या बाजूने लागला, तेवढं लिहायचं राहून गेलेलं दिसतं.

माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेलं. त्यामुळे आकड्यांना मी बुजत नाही. तरीही तुमच्या शोरूममध्ये मी बुजले. का, ते सांगते.

पहिल्याच भेटीत विचारलं गेलं, “मिस्टर येणार आहेत का? ते आले की फायनल बोलू.” मिस्टर गाडी चालवत नाहीत आणि पैसे माझे आहेत, हे मी सांगितलं. मुलगा ओशाळला. मॅनेजर काही ओशाळले नाहीत. पुढच्या भेटीत त्यांनी तोच प्रश्न जरा जास्त अदबीने विचारला.

आता कोटेशन. गाडी पेट्रोलची, ११९७ सीसी, चार मीटरच्या आतली. एक्स-शोरूम किंमत ९,४०,०००. या आकड्याबद्दल तक्रार नाही, तो तुमच्या जाहिरातीत छापलेला आहे. खरी गंमत त्याच्या खालच्या ओळींत.

‘आरटीओ: १,१६,५००.’ महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नोंदणीत ११ टक्के एकरकमी कर आहे. तो होतो १,०३,४००. नोंदणीची फी ६००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्डाचे २००, आणि वर किरकोळ. गाडी माझ्या नावावर झाल्यावर शासनाच्या पावत्या काढून बेरीज केली. ती १,०८,००० च्या आत आहे. म्हणजे साडेआठ हजारांहून जास्त रक्कम ‘आरटीओ’ या नावाखाली माझ्याकडून घेतली गेली आणि ती आरटीओत कधी पोहोचलीच नाही. खुलासा मागितला तर म्हणाले, “मॅडम, तिकडे द्यावं लागतं.” तिकडे म्हणजे कुठे आणि कुणाला, हे लिहून द्या म्हटल्यावर विषय बदलला. नव्या गाडीची नोंदणी ऑनलाइन होते आणि ती विक्रेत्यानेच करून द्यायची असते, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

‘इन्शुरन्स: ४६,८००.’ नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून. माझ्या इंजिनाच्या गटासाठी त्याचा हप्ता सरकारनेच ठरवलेला आहे, १०,६४० रुपये अधिक जीएसटी. त्यात ना तुम्ही फरक करू शकता, ना मी. उरलेला भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, आणि खेळ चालतो तो तिथे. त्याच विमा कंपनीच्या संकेतस्थळावर, तेवढीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ठेवून, तेच झिरो डेप्रिसिएशन घेऊन मला दर मिळाला ३१,९००. फरक १४,९००. विमा कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं, असं विमा नियामक सांगतो. तुमचे मॅनेजर सांगतात, “बाहेरून घ्या ना मॅडम, जरूर घ्या. मग कॅशलेसचं आम्ही काही सांगू शकत नाही, आणि डिस्काउंटही बसणार नाही.” एक वस्तू घेतली तरच दुसरी मिळेल अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कोणत्या सदरात येतं, ते तुमच्या विधी विभागाला विचारा. पगार घेतात ते.

‘हॅंडलिंग चार्जेस: ९,५००.’ गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणायचा खर्च म्हणे. ती तिथे नसती तर मी तिथे कशाला गेले असते?

‘इसेन्शियल किट: १८,९००.’ यात पायपुसणी, चिखलरोधक, सीट कव्हर आणि देव्हाऱ्यात शोभेल अशी एक सुगंधाची बाटली. किट नको म्हटलं तर गाडी ‘किटसहच आलेली’ निघते. किटशिवायची हवी असेल तर आठ आठवडे थांबा, म्हणजे दसरा गेला.

या चार ओळींतली जादा रक्कम मांडून बघा: ८,५००, १४,९००, ९,५०० आणि १८,९००. एकूण ५१,८००. आणि हे सगळं चढवून झाल्यावर मॅनेजरसाहेब काचेच्या केबिनमधून बाहेर येतात, कपाळावरचा नसलेला घाम पुसतात आणि सांगतात की वरच्यांशी भांडून तुमच्यासाठी खास ३५,००० सोडवून आणले. म्हणजे १६,८०० रुपये वर देऊन ‘सवलत’ मिळाल्याचे पेढे मीच वाटायचे.

शिवाय जुन्या गाडीचा व्यवहार. ती त्यांनी धरली १,६०,००० ला, आणि त्यावर ३०,००० ‘एक्स्चेंज बोनस’. झाले १,९०,०००. बाहेर तीच गाडी बघायला आलेला माणूस २,०५,००० रोख द्यायला तयार होता. दारावर येणारी बोहारीणसुद्धा जुन्या साड्यांचा ढीग हातात तोलून समोर पातेलं ठेवते. पातेल्यावर आधी किंमत चढवून मग ‘बोनस’ देत नाही. जुनी गाडी मी बाहेरच विकली. त्यावर आपले मॅनेजर दुखावले. खरंच दुखावले, चेहऱ्यावर दिसत होतं.

आता तो ३५,००० चा आकडा. तो कोटेशनवर नव्हता. मॅनेजरनी आपल्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेन्सिलीने ‘३५’ लिहिलं, नुसतं ३५, पुढे शून्यंसुद्धा नाहीत, आणि कार्ड उलटं करून माझ्याकडे सरकवलं. कोटेशनवर लिहून द्या म्हटलं तर आवाज खाली आणून म्हणाले, “लिहून नाही देता येत मॅडम. कंपनी बघते.”

महोदय, कंपनी म्हणजे आपण. आपण नेमकं काय बघता?

याचं एक उत्तर सार्वजनिक नोंदीत आहे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. आयोगाचं म्हणणं असं की, ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सवलत विक्रेत्याने द्यायची नाही असं कंपनीचं धोरण होतं. ते पाळलं जातं की नाही हे बघायला ग्राहक बनून माणसं शोरूममध्ये पाठवली जात. जास्त सवलत देताना कुणी सापडला तर विक्रेत्याला दंड आणि तिथल्या कर्मचाऱ्यालाही दंड. चौकशी सुरू झाली ती एका निनावी ई-मेलवरून, आणि तो पाठवणाऱ्याने स्वतःला विक्रेता म्हटलं होतं. कंपनीने निर्णय मान्य केला नाही, अपिलात गेली. तो तिचा हक्क. ह्युंदाईलाही २०१७ मध्ये ८७ कोटींचा दंड झाला होता आणि पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला, हेही नोंदवते, नाहीतर एकतर्फी लिहिलं म्हणाल. पण हे सगळं वाचल्यावर माझ्या हातातलं पेन्सिलीचं ‘३५’ मला वेगळंच दिसू लागलं. माझ्यासमोर बसलेला माणूस मला घाबरत नव्हता. मी खोटी ग्राहक तर नाही ना, याला घाबरत होता. आणि तुम्ही मला विचारता, मोकळेपणा किती वाटला?

भाव करता येत नाही म्हणून गिऱ्हाईक बुजत नाही. समोरच्याच्या हातातल्या पत्त्यांवर काय छापलंय ते त्याला दिसत नाही, म्हणून बुजतं. एकाच महिन्यात, एकाच शोरूममधून, हेच मॉडेल आणि हाच रंग घेतलेले, मला धरून, तिघे माझ्या माहितीत आहेत. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मेहुणा बँकेत, त्याच शोरूमला कर्जं देणाऱ्या. त्याला ५२,००० सुटले. मला ३५,०००. मंचरकडचा एक शेतकरी, पहिलीच गाडी, आईला आणि सासूला घेऊन आलेला. त्याने विचारलं नाही म्हणून त्याला मिळाली चांदीचा मुलामा दिलेली गणपतीची मूर्ती आणि गाडीच्या बॉनेटएवढी कागदी किल्ली हातात धरून काढलेला फोटो. सर्वांत जास्त पैसे त्याने मोजले. फोटोत सर्वांत जास्त तोच हसतो आहे.

घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ ला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के आणि सेस यावरून १८ टक्क्यांवर आला. पानपानभर जाहिराती दिल्यात तुम्ही. ‘बचत उत्सव’ वगैरे. त्याच आठवड्यात शोरूममध्ये ऐकलेलं वाक्य: “मॅडम, आता जीएसटीच उतरलाय, वर डिस्काउंट कसला मागता?” भाद्रपदात कबूल केलेला आकडा आश्विनात निम्मा झाला. सरकारने सोडलेला पैसा कुणाच्या खिशात किती गेला याचा हिशेब मी करू शकत नाही, कारण आधीचा आकडाही पेन्सिलीनेच लिहिलेला होता.

आणखी एक. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. त्यात काय काय आहे? किंमत थेंबथेंब उघड करणं, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, ‘आजच घ्या, उद्या मिळणार नाही’ अशी खोटी घाई लावणं. मोबाइलवर केलं तर हा गैरव्यवहार. तुमच्या वातानुकूलित दालनात, गुबगुबीत सोफ्यावर बसवून, कॉफी पाजून केलं की हीच ‘ग्राहक व विक्रेता यांच्यातील बोलणी’.

व्यवसायाची रीतच अशी आहे, हे कृपा करून सांगू नका. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात माल स्वतःच्या मालकीचा ठेवला. बिल कंपनी करते आणि एक्स-शोरूम किंमत देशभर एक. घासाघीस नाही. म्हणजे साठ-सत्तर लाखांची गाडी घेणाऱ्याला अवघडून बसावं लागत नाही. ज्याने नऊ लाखांसाठी सात वर्षांचं कर्ज काढलंय, त्याने मात्र काचेच्या केबिनकडे बघत बसायचं, आत साहेब काय म्हणतात म्हणून. त्यांचा सगळा ढाचा उचला असं मी म्हणत नाही. मागणी फार लहान आहे. एका कागदावर सगळ्या ओळी छापा: कर सरकारी पावतीइतका, विमा ऐच्छिक, किट ऐच्छिक, हॅंडलिंग शून्य. त्याच कागदावर त्या महिन्याची सवलतही छापा, विक्रेत्याच्या सहीशिक्क्यासह. आणि जास्त सवलत देणाऱ्या विक्रेत्याच्या मागे माणसं लावत असाल, तर तीच माणसं ‘आरटीओ’च्या ओळीत साडेआठ हजार जादा लावणाऱ्याच्या मागे लावा. सराव तुमच्याकडे आहेच.

‘दहाच द्या’ म्हणणाऱ्या त्या मुलाला, मॅनेजरला, कुणालाही या पत्रापायी कामावरून काढू नका. तुमची पुढची प्रतिक्रिया ती असते, असं ऐकलं आहे. तो ३५ चा आकडा त्यांनी आपल्या मनाने काढलेला नव्हता.

माझ्यापुरतं सांगायचं तर, आरटीओत न पोहोचलेले ८,५०० आणि हॅंडलिंगचे ९,५००, असे १८,००० रुपये मला परत हवेत. विम्याचं राहू द्या, तो मी डोळे उघडे ठेवून घेतला. या पत्राच्या तारखेपासून तीस दिवसांत रक्कम आली नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वकील लावणार नाही. कागद लावायला मला येतात. खाते क्रमांकासाठी पुन्हा फोन करू नये. तुमच्या विक्रेत्याने रद्द केलेला धनादेश माझ्याकडून एकदा नव्हे, दोनदा घेऊन ठेवला आहे.

कळावे,
आपली एक ‘समाधानी’ ग्राहक
पुणे