तंबोऱ्याचा जीव



आमच्या माजघराच्या भिंतीवर एक तंबोरा अकरा वर्षे टांगलेला होता. तो माझ्या सासूबाईंचा. महिला मंडळाच्या भजनाला त्या हा तंबोरा घेऊनच जात. त्यांच्या माघारी त्याच्यावर खोळ चढली, खोळीवर धूळ चढली आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या चेंडूने भोपळ्याला वीतभर चीर पडली. घरात विचार सुरू झाला. एकजण म्हणाले, “आत दिवा बसवून दिवाणखान्यात ठेवू, शोभा येईल.” खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. सुताराला बोलावणे धाडायचेच काय ते बाकी होते.

त्याच आठवड्यात काही कामासाठी मिरजेला जाणे झाले. मिरज म्हटले की आपल्या भागातील माणसाला दोन गोष्टी आठवतात: दवाखाने आणि रेल्वेचे जंक्शन. आजारी माणसाला घेऊन आपण मिरजेला जातो आणि गाडी बदलण्यासाठी मिरजेला उतरतो. तिसरी गोष्ट पाहायला मात्र सवड काढावी लागते. ती गोष्ट म्हणजे सतारमेकरांची गल्ली. तंबोरा गाडीत टाकून नेला होता. दाखवून तर पाहू, एवढाच हेतू.

गल्लीत शिरताना प्रथम वास येतो, ओल्या लाकडाचा आणि सरसाचा. दारात भोपळ्यांची रास, आत भिंतीला लावून ठेवलेल्या दांड्या, खाली जमिनीवर बसून नक्षी कोरणारा एक तरुण. वयस्कर कारागिरांना सगळे ‘चाचा’ म्हणत होते, म्हणून मीही म्हटले. चाचांनी खोळ काढली, चिरेवरून अंगठा फिरवला, भोपळ्यावर बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी टिचकी मारून ऐकले आणि विचारले, “ताई, हा वाजवतं कोण?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी म्हटले, “आता कुणी नाही.”

“मग दुरुस्त कशाला करायचा?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वैद्याने रोग्याला विचारावे तसे त्यांनी विचारले.

त्या प्रश्नामुळेच आजचे हे पान लिहीत आहे.

वाचकहो, मिरजेतील या कलेला दीड शतकाहून अधिक काळ लोटला. तेथील शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी, तलवारी-भाले घडविणारी. इंग्रजी अंमल स्थिरावला, शस्त्रांची मागणी आटली आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे स्वतः वाद्ये घडवू लागले, असे मिरजेत सांगतात. मिरज संस्थानच्या पटवर्धनांचा गाण्याला आश्रय होता, त्यामुळे गवई येत, राहत आणि आपली वाद्ये या हातांत देत. ज्यांचे पूर्वज धार लावीत, त्यांची आडनावेच पुढे ‘सतारमेकर’ झाली. धंदा बुडाला म्हणून हात रिकामे ठेवले नाहीत; तीच हत्यारे, तीच नजर त्यांनी दुसऱ्या कामाला लावली. आपल्या व्यापारी घरांनी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

मिरजेचे भाग्य असे की, कारागीर आणि कलावंत एकाच गावात नांदले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच गाणे शिकले आणि पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी मिरज आपली मानली. त्यांना वाद्याच्या दुरुस्तीची आणि जवारीची उत्तम जाण होती. १९३७ मध्ये प्रवासात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ठेवण्यात आला. आजही दरवर्षी तेथे गायक-वादक हजेरी लावतात. गवयाने म्हणावे, “येथे आवाज कोंडतो,” आणि कारागिराने लगेच पटाशी उचलावी, असे हे नाते.

आता वाद्याकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा आपल्या भाजीतला नव्हे. तो कडू, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठच्या रानात तो पिकवितात. वेलीवर असतानाच त्याला नीट बसवावे लागते, नाहीतर एका अंगाने चपटा होतो. मग तो महिनोन्‌महिने वाळवायचा. शेतकऱ्याचे पीक गेले किंवा अवेळी पाऊस लागला की पुढल्या वर्षी मिरजेत काम थांबते. म्हणजे एका तंबोऱ्यामागे आधी शेतकरी उभा असतो. वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, कापायचा, आतून साफ करायचा आणि हवा तो आकार धरण्यासाठी आत काठ्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवायचा. त्यावर तुणीच्या लाकडाची तबली आणि पोकळ दांडी बसते. नंतर नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा. पुरुषांच्या पट्टीचा तंबोरा मोठा, बायकांच्या पट्टीचा लहान. काळी एक आणि काळी चार यांना एकच भोपळा चालत नाही.

एवढे सगळे होऊनही वाद्य मुकेच असते. त्याला बोलते करते ती जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा धागा सरकवितात. धागा नेमक्या जागी आला की तार घोडीला पुन्हा पुन्हा पुसटशी स्पर्शते आणि एका सुरातून अनेक सूर उमलतात. शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या गोष्टीने इतके आकर्षित केले की, १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर खास निबंध लिहिला. तार जेथे छेडली असता काही उपस्वर निघू नयेत असा ध्वनिशास्त्राचा नियम सांगतो, तेथे छेडूनही तंबोऱ्यात ते ऐकू येतात, हे त्यांनी दाखविले. मिरजेचे कारागीर हे कानाने जाणून होते. त्या क्षुल्लक धाग्याला त्यांच्या भाषेत नाव आहे ‘जीव’.

चाचांनी घोडी काढून हातावर ठेवली. पिवळसर, गुळगुळीत. “ही हाडाची आहे, ताई,” ते म्हणाले. मी चरकले. रोज सकाळी ज्या वाद्यावर सासूबाई भजन म्हणत, त्याच्या गाभ्याशी ही वस्तू होती आणि आम्हा कोणालाच त्याची कल्पना नव्हती. पूर्वी हस्तिदंत, मग सांबरशिंग, उंटाचे हाड अशा घोड्या सर्रास असत. माझा चेहरा पाहून चाचा म्हणाले, “तुमच्यातले बरेच लोक लाकडाची मागतात. शिसवीची बसवून देतो. पण आधी सांगतो, लाकूड लवकर झिजतं. जवारी लवकर लवकर काढून घ्यावी लागेल.”

मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटला. दुकानदार गुण सांगतो. कारागीर दोषही सांगतो. आम्ही लाकडी घोडीच पसंत केली. आपले तत्त्व पाळायचे तर त्याची थोडी अधिक देखभाल आपणच करायला हवी. तो भार कारागिराच्या माथी का मारावा?

पुढचा प्रसंग सांगताना संकोच वाटतो, पण या पानाचा नेम खरे लिहिण्याचा आहे. चाचांनी मजुरी सांगितली. माझ्यासोबत आलेल्या आप्तांनी सवयीने ती निम्म्यावर आणली. “एका चिरेला एवढे?” असे ते म्हणाले, आणि मी गप्प राहिले. चाचा रागावले नाहीत. त्यांनी नक्षी कोरणाऱ्या तरुणाकडे बोट केले. “हा धाकटा. थोरला पुण्याला कंपनीत आहे. तिथं त्याच्या पगारात कोणी घासाघीस करीत नाही. हा रोज विचारतो, अब्बा, मी काय चूक केली?” तो तरुण मान खाली घालून कोरीतच राहिला. त्या दिवशी आम्ही सांगितलेली पूर्ण रक्कम दिली; पण ते वाक्य ऐकल्यानंतर दिली, आधी नाही, ही बोच राहिलीच.

विचार करा. सराफाकडे आपण मजुरीचा दर निमूट मान्य करतो. मॉलमध्ये छापील किमतीपुढे बोलत नाही. ज्याच्याकडे छापील चिठ्ठी नाही आणि दिव्यांचा झगमगाट नाही, त्याच्यापुढेच आपल्या व्यवहारचातुर्याला धार चढते. काटकसर हा सद्गुण खरा. परंतु दुसऱ्याच्या श्रमातून कापून घेतलेल्या पैशाला काटकसर म्हणता येईल का?

यंत्राशी माझे भांडण नाही. विजेवर चालणारा तंबोरा आला, आता तो मोबाइलमध्येही बसला. प्रवासात, छोट्या घरात, शिकाऊ मुलांना त्याचा उपयोगच होतो. चाचांचा धाकटाही तारा लावून झाल्यावर मोबाइलवर सूर ताडून पाहत होता. चाचा मात्र डोळे मिटून कानानेच ऐकत होते, आणि दोघांचे एकमत झाल्यावरच वाद्य खाली ठेवले गेले. नवे-जुने एका चटईवर बसू शकते. प्रश्न एवढाच की, पुढच्या पिढीत चटईवर कोणी उरेल ना?

आनंदाची गोष्ट अशी की, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याचा अर्थ, दुसरीकडे केलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकता येणार नाही. नावाला कायद्याचे कुंपण मिळाले. परंतु कुंपण घातल्याने शेत पिकत नाही. पाणी घालावे लागते, आणि ते पाणी म्हणजे तुमची-आमची मागणी.

आपल्या भागात अशी शेते थोडी नाहीत. हुपरीत घरोघर चांदीचे पैंजण घडतात. कड्या जोडणारा एक, घुंगरू बसविणारा दुसरा, झाळणारा तिसरा. कोल्हापुरी साजाची पाने घडविणारे हात कोल्हापुरात आहेत. खाली घाट उतरून सावंतवाडीला गेलात, तर गोल गंजिफांवर दशावतार रंगविणारे आणि लाकडी फळे करणारे चितारी भेटतात. आपण लग्नात पाहुण्यांना देण्यासाठी परगावाहून, परदेशातून आलेल्या वस्तूंची खोकी मागवितो. शंभर गंजिफांचे संच किंवा शंभर लाकडी करंडे एका कार्यात मागविले, तर चार-पाच घरांचे काही महिने निभावतील. मागणी मात्र आधी नोंदवावी, आगाऊ रक्कम द्यावी आणि आठ दिवसांत हवे म्हणून तगादा लावू नये. हाताला हाताचा वेळ लागतो.

आणखी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जुने टाकण्याआधी ते घडविणाऱ्याला दाखवा; दुरुस्ती हीसुद्धा त्याची मिळकत आहे. दुसरी, वस्तू घेताना कारागिराचे नाव विचारा आणि ते कागदावर लिहून वस्तूसोबत जपा. आपण देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरतो. ज्याने वस्तू घडविली त्याचे नाव निदान चिठ्ठीवर तरी असावे. तिसरी, सुट्टीत मुलांना एकदा तरी कार्यशाळेत न्या. तासभर बसू द्या. भोपळ्याचा तंबोरा होताना पाहिलेले मूल पुढे कोणाच्याही कष्टाची किंमत निम्म्यावर आणताना थांबेल.

पाच आठवड्यांनी तंबोरा घरी आला. चीर कोठे होती ते शोधावे लागते. आत कडेला एक जुनी, अर्धवट पुसलेली चिठ्ठी होती. ती चाचांनी जपून तशीच ठेवली आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते अक्षर त्यांच्या आजोबांचे असावे. शेजारी मी धाकट्याच्या हस्ताक्षरात त्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून घेतली. नाव लिहिताना त्याने प्रथमच वर पाहिले.

“वाजवतं कोण?” हा प्रश्न मात्र शिल्लक होता. गाणे मला येत नाही. नातीला अजून बोटे पुरत नाहीत. तिच्या शिकवणीची सोय पाहतो आहोत. तोवर संध्याकाळी दिवेलागणीला मी खोळ काढते आणि चार तारा क्रमाने छेडते: पंचम, दोन जोडीच्या आणि शेवटी पितळी खर्ज. दहा मिनिटे, अधिक नाही. पहिल्या दिवशी धागा जागचा हलला होता आणि आवाज कोरडा येत होता. चाचांनी दाखविल्याप्रमाणे तो मी केसभर पुढे सरकविला आणि माजघर भरून गेले. सासूबाईंच्या वेळचा आवाज तो नव्हे. घोडी लाकडाची आहे, थोडा मवाळ आहे. पण भिंत आता रिकामी आहे आणि मला ती तशीच आवडते.

तुमच्या गावातही असा एखादा हात असेल. त्याच्याविषयी चार ओळी लिहून पाठवा. पुढील अंकांत या पानावर त्याची ओळख करून देऊ. त्याआधी एकदा त्याच्या दारात जाऊन या, आणि किंमत त्यालाच सांगू द्या.