खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे

तारापूर एमआयडीसीतल्या औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलाला किंवा मुलीला सगळ्यात आधी लिहायला शिकवतात. रिडिंग घेतलं की ते त्याच क्षणी, पेनाने, पानांवर नंबर घातलेल्या रजिस्टरमध्ये लिहायचं. चिठोऱ्यावर टिपून संध्याकाळी उतरवायचं नाही. आकडा चुकला तर व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचा नाही, पान तर फाडायचंच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, मूळ आकडा स्पष्ट वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि चूक का झाली ते दोन शब्दांत. त्याच टेबलावर टायट्रेशनच्या आधी ‘ब्लँक’ घेतात. रसायनं तीच, भांडी तीच, फक्त ज्याची तपासणी करायची तो नमुना त्यात नसतो. ब्लँकला जेवढं द्रावण लागतं तेवढं नंतरच्या रिडिंगमधून वजा करतात. नाहीतर आपल्या रसायनांचा दोष नमुन्याच्या माथी बसायचा.

हे काम करणारं एकही माणूस नाही अशी सोसायटी किंवा चाळ बोईसरमध्ये शोधावीच लागेल. तरीही वैज्ञानिक पद्धत म्हटलं की आपली नजर १९६९ पासून वीज देणाऱ्या अणुवीज केंद्राच्या भिंतीकडे जाते. ते सगळं त्या भिंतीपलीकडचं, मोठ्या शिकलेल्या माणसांचं, असं आपण गृहीत धरतो. यंदाचा दिवाळी अंक या पद्धतीवर काढताना आमचं म्हणणं असं आहे की रजिस्टरमधली ती आडवी रेघ आणि तो ब्लँक या दोन सवयी ज्या कामात सापडतील तिथे ही पद्धत आहे. मग ते काम इतिहासाचं असो, संस्कृतचं असो, बालवाडीचं असो नाहीतर मासेमारीचं. आणि या दोन सवयी नसतील तर कितीही महागडं यंत्र वापरलं तरी ती तिथे नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यापासून सुरुवात करू. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा एक उंचवटा खणायला घेतला. गावात त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. भगवानलाल मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासोबत शिलालेख आणि नाणी वाचत तयार झालेले. उंचवट्याच्या मधोमध विटांची कोठडी लागली, कोठडीत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्यात बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले मातीचे तुकडे. सोबत सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं.

कोट कुणाचा, या प्रश्नाचा निकाल इथेच लागला: तो स्तूप होता. पण खरी कसोटी पुढे होती. नाणं सांगत होतं दुसरं शतक. मूर्तींची घडण पाहणारे जाणकार सांगू लागले आठवं-नववं शतक. एकाच पेटीत सहा-सातशे वर्षांचं अंतर कसं? नाणं धरून मूर्ती विसरणं सोपं होतं, किंवा उलट. ते घडलं नाही, कारण काय कुठे आणि कशाच्या शेजारी सापडलं याची भगवानलालांची नोंद छापलेली होती आणि वस्तू एशियाटिक सोसायटीकडे जपलेल्या होत्या. त्यामुळे दोन्ही पुरावे एकत्र बसतील असं उत्तर शोधावं लागलं. स्तूप नंतरच्या काळात पुन्हा उघडून मूर्ती आत ठेवल्या असाव्यात, हे ते उत्तर.

सोपाऱ्यालाच त्या वर्षी अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा मिळाला. ही शासनं मालिकेने कोरलेली असत. म्हणजे आठवं इथे कोरलेलं असेल तर बाकीचीही याच परिसरात कुठेतरी असली पाहिजेत. दगड दुसरीकडून कुणी आणून टाकला असेल, ही शंकाही रास्त होती. १९५६ मध्ये याच भागात नवव्या शासनाचा तुकडा मिळाला. चौऱ्याहत्तर वर्षं एक अंदाज खरा किंवा खोटा ठरण्याची वाट पाहत उभा होता. इतिहासात प्रयोग करता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा सोपाऱ्याला जाऊन पाहावं.

पोथ्यांच्या बाबतीत हेच काम पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतावर केलं, १९१९ ते १९६६. विष्णु सीताराम सुकथनकर संपादक झाले त्याआधी केंब्रिजला गणित शिकले होते, आणि ते त्यांच्या कामात जागोजागी जाणवतं. अनेक हस्तलिखितं ताडून त्यांनी आदिपर्वाची संहिता ठरवली. पण नाकारलेले पाठ त्यांनी फेकले नाहीत. प्रत्येक पानावर वरच्या ओळीत स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक टाइपात बाकीचे सगळे, कोणत्या पोथीत काय आहे त्यासह. निर्णय पटला नाही तर वाचकाने खालून वर जावं आणि आपली संहिता स्वतः उभी करावी. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर नेपाळची एक जुनी पोथी हाती आली, आणि सुकथनकरांनी मागाहून घुसलेले म्हणून बाजूला काढलेले मजकूर त्या पोथीतही नव्हते. एखाद्या रसायनशास्त्रज्ञाला यापेक्षा चांगला निकाल तो काय मिळणार?

डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीकडे वळताना मात्र थोडं जपून बोलायला हवं, कारण तिथल्या कामाला आपण श्रद्धेने हात जोडतो आणि पुढे जातो. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. त्यांना शिकायची आवडच नाही, हे तेव्हाचं सर्रास दिलं जाणारं उत्तर. या दोघींनी ते तपासून पाहिलं. मुलं तीच ठेवली आणि शाळा बदलली: पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे आणले. मुलं शिकू लागली, म्हणजे पहिलं उत्तर खोडलं गेलं. अंगणातल्या या शाळेचं अंगणवाडी हे नाव पुढे १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर गेलं.

पण एक गोष्ट मोकळेपणी नोंदवायची आहे. देशभर नाव गेलं तितक्या काटेकोरपणे ती तपासणी गेली नाही. कोणत्या अंगणवाडीत मुलं का टिकतात, कुठे का गळतात, हे ताराबाईंच्या बारकाईने बघणारं कुणी प्रत्येक तालुक्यात असायला हवं होतं. ते कसं करता येतं हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवलं. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीचीच सरकारी सेवा चालू राहिली. ही ४७ गावं म्हणजे त्या प्रयोगाचा ब्लँक. ती नसती तर बाळं वाचली ती या कामामुळे की काळच सुधारत होता म्हणून, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते आकडे छापून आले.

आता डहाणू तालुक्यातली धुंदलवाडी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरू लागली. भिंतींना तडे गेले, थंडीच्या दिवसांत माणसं तंबूत झोपली, काही ठिकाणी शाळा उघड्यावर भरल्या. असं का होतंय, याची उत्तरं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांकडे तयार होती. त्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे भूकंपमापक बसवले. ते कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. हादऱ्यातून दोन प्रकारच्या लाटा निघतात, एक वेगवान, दुसरी संथ. यंत्रावर दोघींमध्ये जितक्या सेकंदांचं अंतर पडतं त्याला साधारण आठने गुणलं की हादरा किती किलोमीटरवर झाला ते कळतं. दोन सेकंद म्हणजे सोळा किलोमीटर. पण एका यंत्राला अंतर कळतं, दिशा कळत नाही. तीन यंत्रांची तीन वर्तुळं जिथे छेदतात तिथे केंद्र. खोली सांगायला मात्र यंत्र अगदी जवळ हवं. दूरच्या एकुलत्या एका केंद्रावरून धुंदलवाडीबद्दल ठाम बोलणारा माणूस कितीही मोठा असला तरी अंदाजच करत असतो.

धरणाचं पाणी आणि भूकंप यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर शास्त्रज्ञांनी जलाशयाची पातळी आणि हादऱ्यांची संख्या वर्षानुवर्षं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा त्यांचं नातं दिसलं. १९८३ मध्ये भातसा धरणाच्या परिसरातही हादरे बसले. आपल्याकडच्या हादऱ्यांमागे पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरणं असू शकतं, असं एक मत शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. ते खरं असेल तर हादरे पावसामागून ठरावीक काळाने वाढले पाहिजेत, आणि एका नव्हे, अनेक पावसाळ्यांत. नाही वाढले तर त्या मतावर रेघ मारावी लागेल. ज्या मताला अशी अट घालता येत नाही ते गावात कितीही जोराने सांगितलं गेलं तरी आपल्या उपयोगाचं नाही. घर कसं बांधायचं, मुलांना कुठे झोपवायचं, हे त्याच्यावरून ठरवता येत नाही.

अफवेला अशी अट नसते, तारीख नसते, सही नसते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने तीन निरपराध माणसांचा जीव घेतला. त्यावर राजकारणाची भाषणं पुष्कळ झाली. ‘हे तुला कुणी सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं का?’ हा प्रश्न विचारायची सवय आपण शाळेत, पाड्यावर, मोबाइलवर कधी लावणार, यावर फारच थोडं बोललं गेलं. या अंकातले तीन लेख त्यावरच आहेत.

शेवटचा मुद्दा आमच्या दाराशी आहे आणि त्याबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त तळमळ आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत वाईट, जागी आलं. सातपाटी, नवापूर, दांडीचे मच्छीमार हे त्याआधीपासून सांगत होते. पापलेट कमी झाला, आकाराने लहान झाला. कारण विचारलं तर कारखान्यांचं सांडपाणी हे एक उत्तर. बारीक आसाच्या जाळ्यात पापलेटची पिल्लंच मारली जातात हे दुसरं. समुद्राचं तापमान हे तिसरं. प्रत्येक बाजू आपलंच उत्तर रेटते आणि दुसऱ्याला खोटं ठरवते, पण तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. वाटा कुणाचा किती, हा मोजण्याचा प्रश्न आहे, आणि तो मोजता येतो. सांडपाण्याचा वाटा मोठा असेल तर नवापूरला जिथे ते समुद्रात सोडतात तिथून जसजसं लांब जावं तसतसा परिणाम उतरत गेला पाहिजे. जाळ्यांचा वाटा मोठा असेल तर स्वच्छ खाडीतही पापलेट तितकाच घटलेला दिसेल. दूरची ती स्वच्छ खाडी म्हणजे आपला ब्लँक.

पाण्याचा नमुना कधी भरला यावरही बरंच अवलंबून असतं. दुपारी बारा वाजता भरलेली एक बाटली दुपारी बाराचंच सांगते. रात्री दोनला नाल्यातून काय गेलं ते तिला माहीत नसतं. म्हणून दिवसरात्र ठरावीक अंतराने थोडं थोडं पाणी घ्यायचं, ओहोटीला वेगळं, भरतीला वेगळं. यातलं काहीही बोईसरला परकं नाही. हे पाणी तपासता येणारे केमिस्ट आपल्या शेजारी राहतात. कोणत्या वाऱ्याला, कोणत्या उधाणाला पाणी कुठे सरकतं हे सातपाटीच्या तांडेलांना तोंडपाठ आहे. किती मासा आला याच्या वह्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे आहेत. कारखान्यांचे आकडे, मंडळाचे आकडे आणि या वह्या एकाच टेबलावर उघडून, तिन्हींच्या लोकांसमोर वाचल्या जाव्यात, ही आमची जाहीर मागणी आहे. ज्याचा आकडा चुकेल त्याची बदनामी होणार नाही, पण त्याला तो लपवताही येणार नाही, एवढा एकच नियम असावा.

 या कामात ज्यांना उतरायचं आहे त्यांनी दिवाळीची सुट्टी संपताच कळवावं. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते. त्याआधीच्या पाण्याची आणि मासळीची नोंद हातात हवी असेल तर बाटल्या भरायला जानेवारीतच सुरुवात करावी लागेल.