शिष्यवृत्ती घेणारा आणि उतरवून घेणारा

नागपूरलगतच्या वाडीत, अमरावती मार्गावर, मालमोटारी रात्रभर भरल्या-रित्या होत असतात. पाठविणारा कोण आणि उतरवून घेणारा कोण, ही दोन नावे पावतीवर असल्याशिवाय व्यापारी माल हलवीत नाही. समाजाची शिष्यवृत्ती देताना मात्र तोच व्यापारी दुसरे नाव विचारीत नाही. मुलगा शिकतो, पुण्यास किंवा बंगळुरूस नोकरीस लागतो, वार्षिक अहवालात त्याचे छायाचित्र येते आणि खाते बंद होते. पाठशाळेचा शिक्षक, ग्रंथभांडारातील प्राकृताचा जाणकार, ट्रस्टचा पूर्णवेळ व्यवस्थापक ही पदे रिकामीच राहतात. त्यांची कामे दुकान वाढवल्यानंतर उरलेल्या तासात उरकली जातात.

अमेरिकेतील ज्यू समाजाच्या काही संस्था पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च देताना विद्यार्थ्याकडून वचन घेतात: पदवीनंतर ठरावीक वर्षे ज्यू शाळेत किंवा समाजसंस्थेत सवेतन काम करावयाचे. समाजाचे काम हा शिकून करावयाचा आणि पोट भरू शकणारा व्यवसाय आहे, हे त्यामागचे गृहीत.

महाराष्ट्राला हा विचार अपरिचित नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवेचे वचन देत. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे असेच वचन पाळून परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. वेतन तुटपुंजे होते, पण जागा त्यांची वाट पाहत होती.

बडोद्याची कथा वेगळी आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी, ही करारातील अट. १९१७ मध्ये ते अट पाळण्यासाठी बडोद्यास आले व नोकरीत रुजू झाले. गावात त्यांना कोणी घर देईना. नाव बदलून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथूनही बाहेर काढले. दहा वर्षांची अट अशी काही दिवसांतच निकालात निघाली. करार करणारे महाराज उदार होते, विद्यार्थी वचनाचा पक्का होता. उतरवून घेणाऱ्या नगरानेच दार लावले.

वाडीवरून पुढे जाणारा रस्ता ज्या अमरावतीस पोहोचतो, तेथे प्रा. हिरालाल जैन यांनी षट्खंडागमावरील धवला टीकेच्या संपादनाचे काम उभे केले. पहिला खंड १९३९ मध्ये निघाला. सोळा खंड पूर्ण होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. प्रकाशनाच्या निधीमागे विदिशाच्या सेठ लक्ष्मीचंदजींचे दान होते. ग्रंथाचा भार समाजाने उचलला, संपादकाचे घर मात्र किंग एडवर्ड महाविद्यालयाच्या पगारावर चालले. तो पगार नसता तर काय झाले असते, हा प्रश्न दानशूर घराण्यांनी स्वतःस विचारावा असा आहे.

तेव्हा अशी शिष्यवृत्ती सुरू करावयाची असल्यास बंधपत्र एकतर्फी असू नये. कर्ज देताना बँक ऋणकोची सही घेते, पण रक्कम कधी व कशी द्यावयाची हे स्वतःवरही बांधून घेते. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याची सही कायद्याने निरर्थक. ती घेऊच नये. पदाचे नाव, वेतन आणि राहण्याची सोय रकमेच्या आधी लिहावी. पदवीनंतर सहा महिन्यांत ट्रस्टने जागा दिली नाही तर विद्यार्थी मोकळा. विद्यार्थ्याने काम सोडले तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात रक्कम बिनव्याजी कर्ज समजावी.

एक कलम मात्र बहुतेक ठिकाणी विसरले जाईल. वाडीची मुलगी या शिष्यवृत्तीवर प्राकृतात एम. ए. झाली आणि तिचे लग्न सोलापूरला ठरले, तर तिची सेवा कोठे मोजायची? सोलापूरच्या पाठशाळेत दिलेली वर्षेही वाडीच्या ट्रस्टने जमेस धरली पाहिजेत, आणि तसे आधीच लिहून दिले पाहिजे. नाही तर घरातील वडीलधारी माणसे तिला अर्जच करू देणार नाहीत.