पहिल्या रिक्वेस्टचा हिशेब

गर्दी वाढली की सर्व्हर आपोआप वाढतील आणि ओसरली की कमी होतील, या भरवशावर आपण क्लाउडचं बिल भरतो. जावात लिहिलेल्या वेब अ‍ॅप्लिकेशनच्या बाबतीत हा भरवसा अर्धाच खरा ठरतो. नवा कंटेनर पटकन मिळतो, पण त्यातलं अ‍ॅप्लिकेशन वर यायला वीस-तीस सेकंद लागतात, मोठं असेल तर मिनिटभरही. दहावीच्या निकालासारखी गर्दी एकदम उसळली, तर तेवढ्या वेळात लोक रिफ्रेश करत राहतात आणि आधीपासून चालू असलेले सर्व्हरही कोलमडतात.

याच्या उलट, क्वचित वापरली जाणारी सेवा घ्या. तासन्‌तास कुणी फिरकत नाही म्हणून प्लॅटफॉर्म खर्च वाचवायला तिचा इन्स्टन्स बंद करतो. मग जो कुणी येतो त्याच्या वाट्याला दरवेळी कोल्ड स्टार्टच येतो, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन पहिल्यापासून वर येईपर्यंतची वाट. सरासरी प्रतिसादवेळेच्या आलेखात हा माणूस दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच त्याच्यासाठी कुणी काम करत नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वापरकर्ता वाटतो.

जावाची घडणच वेगळ्या काळातली. 1995 साली आलेली ही भाषा आणि 1999 चं हॉटस्पॉट जेव्हीएम सर्व्हरवर स्थिरावलं ते महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या यंत्रांच्या जमान्यात. आधी बाइटकोड सावकाश चालवायचा, कोणता भाग जास्त वापरात आहे ते पाहायचं आणि तेवढ्याचाच वेगवान मशीन कोड बनवायचा, अशी ही पद्धत. तापलेलं जेव्हीएम आजही कुणाला हार जात नाही. पण 2009 मध्ये गुगलने अ‍ॅप इंजिनवर जावा आणली आणि जुनी गृहीतं उघडी पडली. तिथे अख्खं अ‍ॅप्लिकेशन पहिल्या रिक्वेस्टच्या पोटातच लोड व्हायचं आणि रिक्वेस्टला मर्यादा होती 30 सेकंदांची. भारदस्त स्प्रिंग अ‍ॅप्लिकेशन तेवढ्यात उभं राहिलं नाही, तर वापरकर्त्याच्या हाती एरर पडायची.

या वेळात चालतं तरी काय? जार फायलींमधून हजारो क्लास वाचायचे, त्यांचा बाइटकोड तपासायचा, पॅकेजेस धुंडाळून अ‍ॅनोटेशन शोधायची, बीन जोडायचे, हायबरनेटने सगळ्या एंटिटींची जुळणी करायची, डेटाबेसची कनेक्शन उघडायची. पेटक्लिनिक हे स्प्रिंगचं शिकवण्यापुरतं छोटं नमुना अ‍ॅप्लिकेशन. तेसुद्धा सुरू होताना सुमारे 21,000 क्लास लोड करतं. आपल्या बँकिंग किंवा विम्याच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये किती होत असतील, ते एकदा मोजून पाहावं.

यातलं बहुतेक काम दर वेळी अगदी तेच असतं. तोच कोड, तेच क्लास, तीच जोडणी. पाहुणे दारात आल्यावर मटकी भिजत घालावी, तसं आपण ते प्रत्येक इन्स्टन्सवर नव्याने करतो. ते बिल्डच्या वेळीच उरकावं, हे माझं ठाम मत आहे, आणि त्याची साधनं हातात आहेत. आपल्या क्लासची तयार माहिती फाइलमध्ये साठवून ठेवायची सोय 2018 मध्ये जेडीके 10 पासून सगळ्यांना मोफत मिळाली. मार्च 2025 च्या जेडीके 24 ने पुढची पायरी गाठली. लोड होऊन एकमेकांशी जोडलेले क्लासच कॅशमध्ये ठेवता येतात. ओपनजेडीकेच्या प्रस्तावात दिलेल्या मोजणीत पेटक्लिनिक 4.486 सेकंदांवरून 2.604 वर आलं, कोडची एक ओळही न बदलता. बदल्यात सुमारे 130 एमबीची फाइल सांभाळावी लागते. हा सौदा मी केव्हाही करेन.

त्याआधी एक गोष्ट तपासावी, कारण ती सगळ्यात स्वस्तात सुटते: सीपीयू. स्टार्टअप हे सीपीयू खाणारं काम आहे. नेहमीच्या कामाला अर्धा कोर पुरतो म्हणून कंटेनरला तेवढाच दिला, की वर येताना तो गुदमरतो. एडब्ल्यूएस लॅम्डामध्ये सीपीयू मेमरीच्या प्रमाणात मिळतो, एक पूर्ण व्हीसीपीयू हवा तर 1,769 एमबी घ्यावी लागते. कुबरनेटीसवर आणखी वाईट घडतं. अ‍ॅप्लिकेशन अर्ध्यावर असतानाच लाइव्हनेस प्रोब त्याला मेलेलं समजून रीस्टार्ट करतो, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. स्टार्टअप प्रोब ही वेगळी सोय त्यासाठीच आहे, तरी ती न वापरणाऱ्या टीम सर्रास आढळतात.

स्प्रिंग बूटमधलं लेझी इनिशियलायझेशन मात्र प्रॉडक्शनमध्ये मला पटत नाही. लॉगमधला आकडा छान दिसतो, पण न केलेलं काम पहिल्या वापरकर्त्याच्या रिक्वेस्टवर जाऊन पडतं, आणि कॉन्फिगरेशनमधली चूक डिप्लॉय करताना सापडण्याऐवजी ग्राहकासमोर उघडी पडते. दर पाच मिनिटांनी पिंग करून इन्स्टन्स जागता ठेवण्याचंही तसंच. एकदम दोन रिक्वेस्ट आल्या, की दुसरीला कोल्ड स्टार्ट मिळू शकतोच. कायम चालू इन्स्टन्स विकत घेणं हा सरळ मार्ग आहे, पण मग वापर नसताना शून्य इन्स्टन्सवर जाण्याचा फायदा सोडून द्यावा लागतो.

ग्रालव्हीएमच्या नेटिव्ह इमेजने काही मिलिसेकंदांत सुरू होणारी अ‍ॅप्लिकेशन शक्य केली. किंमत अशी, की रिफ्लेक्शनने काय काय वापरणार ते आधी सांगावं लागतं, बिल्डला कित्येक मिनिटं आणि भरपूर मेमरी लागते. जुन्या लायब्ररींच्या ओझ्याखालच्या अ‍ॅप्लिकेशनला मी हा मार्ग सुचवणार नाही, नव्या लहान सेवेला आवर्जून सुचवेन. एडब्ल्यूएसचं 2022 मधलं स्नॅपस्टार्ट सुरू झालेल्या मेमरीचंच चित्र घेऊन ठेवतं. तिथे मेलेली डेटाबेस कनेक्शन पुन्हा उघडणं आणि प्रत्येक प्रतीला वेगळे रँडम आकडे मिळतील हे पाहणं तुमच्याकडे येतं.

माझी टीम लीडना विनंती एवढीच, की स्टार्टअपला लागणारा वेळ बिल्डमध्ये दर वेळी मोजावा, प्रॉडक्शनइतकाच सीपीयू देऊन. ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर बिल्ड फेल व्हावा, टेस्ट फेल झाल्यावर होतो तसा. म्हणजे कुठल्या नव्या डिपेंडन्सीने दोन सेकंद वाढवले, ते त्याच दिवशी कळेल.