प्रेशर भरा, पण मेलही टाका!

मास्टर्ससाठी इंग्लंडला निघालात? कुकर, भाजणी, थर्मल्स सगळं बॅगेत भरलं असेल. आता तिथल्या घराची हीटिंगही थोडी समजून घ्या.

तिथल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत गॅसवरचा कॉम्बी बॉयलर असतो. नळाला गरम पाणी तोच देतो, खोल्यांमधले रेडिएटरही तोच तापवतो. रेडिएटरचं पाणी बंद पाइपांतच फिरत राहतं, म्हणून ही सील्ड सिस्टिम. सगळं थंड असताना बॉयलरवरचा काटा साधारण १ ते १.५ बारवर हवा. फार खाली गेला की बॉयलर बंद पडतो. मग मॅन्युअल बघून फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि काटा जागेवर आला की घट्ट बंद करायचा. रेडिएटर खाली गरम, वर गार? आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून, तो थंड झाल्यावर छोट्या चावीने हवा सोडा आणि प्रेशर पुन्हा बघा. एवढं तुम्हाला नक्की जमेल.

पण दर आठवड्याला प्रेशर भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसल बिघडलंय. नव्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, गाळ साचतो. आणि आपण काय करतो? ‘जाऊ दे, घरमालक डिपॉझिट कापेल’ म्हणत स्वेटरवर जॅकेट चढवून हिवाळा काढतो. माझ्या मते हा समजूतदारपणा नाही, हक्क सोडून देणं आहे.

कारण हीटिंगची दुरुस्ती ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. गॅस सेफ रजिस्टर्ड इंजिनिअरकडून दरवर्षी तपासणी बंधनकारक आहे आणि तिची प्रत तुम्हाला राहायला जाण्याआधी मिळायला हवी. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्मही सक्तीचा आहे.

हा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने घेतलेले बळी आपण इथल्या बातम्यांत वाचतोच. त्यामुळे बॉयलरचं कव्हर स्वतः कधीच उघडू नका. घरात डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय? सर्दी समजून झोपू नका. बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅस इमर्जन्सी नंबरवर फोन करा.

घराची किल्ली घेतानाच दोन गोष्टी विचारा: गॅस तपासणीची प्रत कुठे आहे आणि अलार्म कुठे आहे? बिघाड झाला की फोटो काढून, तारीख टाकून लेखी मेल करा. भाडं तुम्ही वेळेवर देताय ना? मग संकोच कसला!