परक्या मंदिरांतलें आपलें दप्तर

आपल्या इतिहासभक्तांची एक खोड आम्हांस फार दिवसांपासून खटकत आली आहे. ज्या वास्तूच्या दारावर आपल्या देवाचें किंवा आपल्या राजाचें नांव नाहीं ती वास्तु आपली नव्हे, असें ते खुशाल धरून चालतात. गडाचा ढांसळलेला बुरूज दिसला कीं त्यांचा कंठ दाटून येतो. पण एखाद्या जुन्या चर्चमध्यें वेदीपुढें कोणाची शिळा आहे, भिंतीवर काय कोरलें आहे, हें पाहण्यासाठीं आंत पाऊल टाकण्याचेही श्रम ते घेत नाहींत. या वृत्तीमुळें मराठ्यांच्या इतिहासाचें एक दालन कुलूपबंद राहिलें आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही वाचकांस जरा लांब नेतों. पूर्वकिनाऱ्यावर तरंगंबाडी म्हणून एक लहानसें गांव आहे. जुन्या नकाशांत त्यालाच ट्रांकेबार म्हणत. तंजावरच्या रघुनाथ नायकानें १६२० सालीं तें डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांस वार्षिक खंडावर दिलें. पिंपळनेरास पांझरेच्या कांठीं बसलेला वाचक येथें विचारील, "नायक आणि डेनिश यांच्या व्यवहाराशीं आम्हांस काय कर्तव्य?" कर्तव्य आहे. व्यंकोजीराजांनीं सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत तंजावर घेतलें, आणि त्या खंडाचे धनी भोसले झाले. खंडाच्या जमिनीवर जें उभें राहिलें त्याच्या पायाखालीं म्हणूनच आपलेंही कांहीं आहे.

त्या जमिनीवर उभें राहिलें तें लूथरपंथीयांचें प्रार्थनामंदिर. डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याच्या आज्ञेनें झीगेनबाल्ग व प्ल्यूचौ हे दोघे जर्मन धर्मोपदेशक १७०६ सालीं तरंगंबाडीस उतरले. १७०७ त बांधलेलें त्यांचें पहिलें जेरुसलेम चर्च समुद्रानें गिळलें. मग १७१८ सालीं, तंजावरच्या गादीवर पहिले सरफोजीराजे असतां, नवें जेरुसलेम चर्च बांधून झालें. तें अजून उभें आहे. त्याचा आराखडा क्रूसाचा. दर्शनी भागावर फ्रेडरिक राजाची मुकुटांकित नाममुद्रा. आणि आंत वेदीपुढें झीगेनबाल्ग चिरनिद्रा घेत आहे. १७१९ सालीं तो वारला तेव्हां त्याचें वय अवघें छत्तीस वर्षांचें होतें. कपाळावर डेन्मार्कचा मुकुट आणि पायाखालीं भोसल्यांची भूमि, असा हा दस्तऐवज चुन्याविटांत लिहिलेला आहे.

अशा मंदिरांतील बैठकही बोलकी असते. या मिशनच्या मंडळ्यांत वरच्या जातींचे ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानलेले ख्रिस्ती एकाच छपराखालीं, पण निरनिराळे बसत. ही चाल शंभरावर वर्षें टिकली. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं आपल्या अधिकाराखालच्या मंडळ्यांत ती मोडण्याचा हुकूम काढला, तेव्हां तंजावरकडे मोठी खळबळ उडाली. जातिभेदाचा मुक्काम केवळ देवळाच्या पायरीपाशींच होता असें मानणाऱ्यांनीं आणि धर्म बदलतांच तो निघून गेला असें सांगणाऱ्यांनीं, दोघांनींही ही बैठक डोळ्यांपुढें आणावी. बांक आणि सतरंज्या कोठें मांडल्या जात, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं.

तरंगंबाडीहून तंजावरास चला. या मिशनचा धर्मोपदेशक श्वार्ट्झ १७५० सालीं हिंदुस्थानांत आला आणि पुढें तंजावरीं राहिला. तुळजाजीराजांनीं १७८७ सालीं मरतेसमयीं आपला दत्तक पुत्र सरफोजी याच्याच हवालीं केला. १७९८ त श्वार्ट्झ वारला. सरफोजीराजांनीं फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारकशिल्प करवून तें तंजावरच्या चर्चमध्यें बसविलें. शय्येवर वृद्ध गुरु आणि त्याचा हात हातीं घेतलेला मराठा राजा! सरस्वतीमहालाचें गुणगान करतांना आमचे लेखक थकत नाहींत. मग त्या ग्रंथालयाच्या भाग्यविधात्याची ही मूर्ति त्यांच्या लेखांतून कां गळते?

यावर ठरलेला आक्षेप येतो: चर्च हें धर्मांतराचें साधन, त्याची थोरवी आम्हीं कां गावी? कोणी गा म्हटलें आहे? आम्ही वाचा म्हणतों. ज्या सरफोजींनीं गुरूचें स्मारक उभारलें, त्यांनींच १८०३ सालीं बृहदीश्वराच्या मंदिरांत आपल्या वंशाचा इतिहास मराठींत कोरविला. त्यांनीं स्वधर्म सोडला नाहीं. एक शिळा वाचून दुसरीकडे पाठ फिरविणारा मनुष्य स्वधर्माचें रक्षण करीत नाहीं, सरफोजींना मात्र अर्धे करून टाकतो.

मंदिरांचे रखवालदार, मग ते कोणत्याही पंथाचे असोत, यांनाही आम्ही मोकळें सोडणार नाहीं. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जुन्या खांबांवर तैलरंग थापणें, लेखाची शिळा फरशीखालीं गाडणें, जुनें लांकूडसामान मोडीत घालणें, हे उद्योग देवळांत होतात आणि चर्चमध्येंही होतात. भक्तीनें केलेला नाश तो नाशच.

आम्हां खानदेशकरांना हें सांगावें लागावें याची आम्हांस खंत वाटते. माळ्यावरच्या वाळवी लागलेल्या कागदांत इतिहास असतो, हें ज्यानें महाराष्ट्रास शिकविलें ते राजवाडे १९२६ सालीं धुळ्यासच वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ पासून तेथें आहे. त्यांची शिकवण कागदापुरती आणि स्वजातीच्या दप्तरापुरती होती काय? पश्चिम खानदेशांतही विसाव्या शतकाच्या आरंभापासून स्कॅन्डिनेव्हियन नांवाच्या मिशननें काम केलें. आपल्या तालुक्यांतील जुन्या देवळांची, मशिदींची, मिशनच्या प्रार्थनामंदिरांची यादी करावी. कोणती वस्तु, कशाची, कोणी दिली, कोणत्या सालची, तिच्यावर अक्षरें काय, एवढें एका वहींत उतरून ठेवावें. यास पैसा लागत नाहीं, मनाचा कोतेपणा टाकावा लागतो.

तरंगंबाडीचें पहिलें चर्च समुद्रानें नेलें; २६ डिसेंबर २००४ च्या लाटेनें त्याच गांवावर पुन्हां घाला घातला. समुद्राला आपपर कळत नाहीं, म्हणून त्यास दोष देतां येत नाहीं. पण आपपर पाहून जे पुरावा बुडूं देतात, त्यांना कोणती सबब आहे?